ऊसगाडीच्या बैलाचा झटका आणि तीनदा ‘बसवलेला’ सांधा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका गाडीतळावरचं आहे. कुटुंब मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेलं. ओळख पटू नये म्हणून गाव, कारखाना आणि माणसांचे तपशील बदलले आहेत. नवरा-बायकोचा एक कोयता, टायरगाडी आणि उचलीतून, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून मिळालेल्या आगाऊ रकमेतून, घेतलेली बैलजोडी असा त्यांचा संसार. गाडीवर एका खेपेला दोन-अडीच टन ऊस, फडापासून काट्यापर्यंत नऊ किलोमीटर आणि वाटेत एक लहान चढ.

आजारी पडला तो उजव्या बाजूला जुंपला जाणारा बैल. खिलार वळणाचा, सगळे दात जुळलेला, वजन अंदाजे चारशे किलो. दिवाळीनंतर फडावर आल्यापासून तो हडकला होता. कडबा गावी राहिला होता, त्यामुळे वैरण म्हणजे जवळजवळ फक्त उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. पेंड आठवड्यातून दोनदा, तीही मूठभर.

बैल थांबला की गाडी थांबते, गाडी थांबली की वाहतुकीचे पैसे थांबतात आणि उचल अंगावर राहते. पुढचा प्रत्येक निर्णय या दडपणाखाली झाला. ते ध्यानात न घेता ‘बैलाला वेळेत विश्रांती का दिली नाही’ असं विचारणं अन्यायाचं ठरेल.

तक्रार

पहिली खूण नालबंदाने पकडली. खुरांना ठोकलेल्या नालाच्या पत्र्या बदलताना त्याने दाखवलं की मागच्या उजव्या पायाच्या पत्र्या फक्त टोकाला झिजल्या आहेत आणि नखाचं टोकही घासून बोथट झालं आहे. बाकी तीन पायांची झीज सारखी होती. म्हणजे तो पाय नीट उचलला जात नव्हता, टोक जमिनीवर घासत पुढे येत होतं.

आठवडाभरात ते सगळ्यांनाच दिसू लागलं. सकाळी दावं सोडून बैल पुढे घेतला की उजवा पाय मागे ताणलेलाच राही. नख जमिनीवर ओढलं जाई आणि मग एकदम झटक्यासरशी पाय पुढे येई. वीस-पंचवीस पावलांनंतर चाल बरी होई. भरलेली गाडी हलवताना आणि चढावर झटका परत येई. पायाला सूज नव्हती, हात लावल्यावर बैल दुखल्यासारखा करत नव्हता, खाणं आणि रवंथ व्यवस्थित होतं.

पहिले दहा दिवस: तीन वेळा खेच

तळावर हाड बसवणारा एक जाणकार होता. त्याने खुब्याचा सांधा उतरल्याचं सांगितलं. बैल पाडला, पायाला दोर बांधून चौघांनी पाय पुढे ओढला. ‘टक्’ असा आवाज झाला आणि उठल्यावर बैल सरळ चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी झटका तसाच होता. चार दिवसांनी पुन्हा ओढलं, आठव्या दिवशी तिसऱ्यांदा. दर वेळी बैल उठल्यावर बरा, सकाळी परत तेच. तिसऱ्या खेचेत दोराने पायाच्या खालच्या नळीवरची कातडी सोलली गेली.

हे का घडतं, हे नीट समजून घेतलं तर प्रकरणातली निम्मी गुंतागुंत सुटते. मागच्या पायाचा खरा गुडघा, म्हणजे मांडी आणि नडगी यांच्यामधला सांधा, पोटाच्या कडेला वर असतो. त्याच्यापुढे वाटी असते. बैलात ही वाटी आतला, मधला आणि बाहेरचा अशा तीन बंधांनी नडगीच्या हाडाला जोडलेली असते. मांडीच्या हाडाला खाली दोन कडा असतात आणि वाटी त्यांच्यामधल्या खोबणीत वर-खाली सरकते. त्यातली आतली कड मोठी आणि उंच असते. पाय पूर्ण मागे ताणला की वाटी वर जाते आणि आतला बंध त्या उंच कडेवर आकड्यासारखा बसतो. निरोगी बैलात मांडीचे स्नायू पुढच्याच क्षणी वाटी उचलून सोडवतात. स्नायू रोडावले, बंध सैल पडला किंवा पायाची ठेवणच फार सरळ असली की वाटी तिथेच अडकते. अडकल्यावर गुडघा वाकत नाही आणि त्याच्याशी बांधलेला खालचा मोठा सांधाही वाकत नाही. फक्त खुराजवळचा सांधा वाकतो, म्हणून नखाचं टोक घासत जातं. वाटी सुटली की साठलेला ताण एकदम मोकळा होतो. तोच झटका.

पाय पुढे ओढला की वाटी सुटणारच. आवाज खरा होता, आरामही खरा होता. पण आतला बंध होता तसाच राहिला, त्यामुळे रात्रभर बांधून ठेवल्यावर सकाळी पाय ताणला की वाटी पुन्हा त्याच कडेवर जाऊन बसे. खुबा कधी उतरलाच नव्हता. ओढल्यावर बरं वाटलं यावरून खुब्याचं निदान पक्कं मानलं गेलं आणि दहा दिवस तिथेच गेले.

तिसरी खेचही टिकली नाही तेव्हा तापलेल्या लोखंडाने डाग द्यायचा विचार निघाला. घरच्या बाईने ठाम नकार दिला. आधीच्या एका बैलाला मांडीवर डाग दिल्यावर जखम चिघळून महिना गेला होता, हे ती विसरली नव्हती. तिनेच १९६२ या क्रमांकावर फोन लावून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मागणी नोंदवली. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हा होता.

तपासणी

पशुवैद्यक संध्याकाळी आले. दिवसभर चालून बैल मोकळा झाला होता, झटका दिसतच नव्हता. इथे घाई झाली असती तर लचक म्हणून वेदनाशामक देऊन विषय मिटला असता. त्यांनी मालकाला सांगितलं, “आप्पा, उद्या सकाळी दावं सोडायच्या आधी मोबाईल सुरू करा. पहिली दहा पावलं बाजूने काढा, दहा मागून. आज गाडीला जुंपू नका.”

सकाळच्या चित्रणात ताणलेला पाय, घासणारं नख आणि झटका असं तिन्ही स्पष्ट होतं. मग प्रत्यक्ष तपासणी झाली.

सुरुवात खुरापासून. उसाच्या फडात तोडलेल्या खुंटाचं टोक खुरात घुसणं हे लंगडण्याचं नेहमीचं कारण. दोन्ही नखं स्वच्छ करून दाबून पाहिली. दुखरी जागा नाही, पू नाही.

मग खुबा. कमरेच्या हाडाचं टोक, खुब्याचा उंचवटा आणि शेपटीजवळच्या हाडाचं टोक यांचा त्रिकोण दोन्ही बाजूंना सारखा भरला. खुबा वर सरकला असता तर पाय आखूड दिसला असता आणि त्रिकोण बिघडला असता.

हडकलेल्या जनावरात आणखी एक फसवणारी अवस्था असते. मांडीच्या बाहेरचा मोठा स्नायू खुब्याच्या उंचवट्यामागे अडकतो आणि पाय असाच मागे ताणलेला राहतो. म्हणून पाय ताणलेला असताना वाटी चाचपावी लागते. ती मोकळी हलत असेल तर दोष वर आहे, घट्ट अडकलेली असेल तर गुडघ्यात. इथे वाटी घट्ट होती आणि आतला बंध तारेसारखा ताठ लागत होता.

शेवटची खात्री अशी केली: बैल उभा असताना वाटी हाताने वर आणि बाहेरच्या बाजूला ढकलली. ती लगेच अडकली, पाय ताठ झाला. मग बैलाला दोन पावलं मागे रेटलं, तर ‘टक्’ होऊन पाय सुटला. दोर नाही, चार माणसं नाहीत. मालकाचा प्रश्न होता, “साहेब, पाय ओढला की चालतोय बैल, मग खुब्यातच असंल की?” त्याला उत्तर त्याच्या डोळ्यांदेखत मिळालं.

डाव्या पायाची वाटीही अशीच ढकलून पाहिली. ती अडकली नाही, पण जरा जास्तच सैल वाटली. याची नोंद ठेवली गेली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, हंगाम संपेपर्यंत तसंच ओढायचं. अजून दोन महिने होते. धोका असा की वाटी वारंवार अडकून कडेचं कूर्च झिजतं आणि सांध्याला कायमची सूज येते. त्याहून तातडीचा धोका चढावरचा होता. भरलेल्या गाडीखाली पाय न वाकता अडकला तर बैल पडतो, जोडीदारावर ओझं जातं, माणूसही सापडू शकतो.

दुसरा पर्याय मालकाच्या पुण्यातल्या भाच्याने सुचवला. तो घोड्यांच्या तबेल्यात कामाला आहे. तिथे पाठीच्या आणि कमरेच्या सांध्यांवर हाताने झटके देऊन उपचार करणारे येतात, त्यांना बोलवावं असं त्याचं म्हणणं. याचा विचार गांभीर्याने झाला आणि तसाच व्हायला हवा होता. कायरोप्रॅक्टिक ही पद्धत १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट इथे डी. डी. पामर यांनी माणसांसाठी सुरू केली. पुढे ती घोडे आणि कुत्र्यांपर्यंत आली. अमेरिकेत प्राण्यांसाठीची स्वतंत्र संघटना १९८९ पासून आहे. या पद्धतीत सांध्याला त्याच्या हालचालीच्या मर्यादेत राहून लहान, वेगवान आणि नेमक्या दिशेचा झटका देतात. पाठीचे आखडलेले स्नायू सैल पडणं आणि हालचाल काही काळ मोकळी होणं एवढी अपेक्षा तिच्याकडून ठेवता येते. हाडाच्या कडेवर अडकणाऱ्या बंधाची लांबी ती बदलू शकत नाही. पाय ओढण्याच्या तिन्ही खेपांनी नेमकं हेच दाखवलं होतं, फक्त जास्त ताकद लावून.

भाच्याच्या सूचनेत एक रास्त मुद्दा होता. घोड्यात वाटी अडकली तर लगेच बंध कापत नाहीत. आधी खुराक वाढवून आणि व्यायाम देऊन मांडीचे स्नायू भरून आणतात, कारण घोड्यात बंध कापल्यावर पुढे वाटीच्या टोकाचे तुकडे पडण्याचा धोका असतो. बैलात मात्र आतला बंध कापण्याची शस्त्रक्रिया जुनी आणि रुळलेली आहे, तिचा गुण बहुतेक वेळा जागेवरच दिसतो. तबेल्यातला शहाणपणा जसाच्या तसा गाडीतळावर लागू होत नाही तो या फरकामुळे. शिवाय रोज नऊ किलोमीटर भार ओढणाऱ्या बैलाचे स्नायू व्यायामाअभावी रोडावले नव्हते, खुराकाअभावी रोडावले होते.

कायद्याची बाजूही सांगायला हवी. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार पशुवैद्यकीय उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे असतात. हाताने उपचार करणारा माणूस कितीही कुशल असला तरी आधी निदान पशुवैद्यकाचं लागतं.

तिसरा पर्याय, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेणं. सोय उत्तम, पण वाहनाचा खर्च आणि दोन दिवस. निदान शंकास्पद असतं, किंवा सांध्यात सूज असती, तर हाच मार्ग योग्य होता.

चौथा, तळावरच बंध कापणं. निदान स्वच्छ होतं, जागा कोरडी होती, पशुवैद्यकांचा हात बसलेला होता. हा पर्याय निवडला. तिसऱ्या खेचेत सोललेली नळी गुडघ्यापासून दूर होती, तरीही ती कोरडी पडेपर्यंत चार दिवस थांबले. उघडी जखम असताना शस्त्रक्रिया नको, हा निर्णय बरोबर होता. चार दिवसांची खोटी मात्र खेचेच्याच खात्यावर पडली.

शस्त्रक्रिया

आदल्या दिवसापासून वैरण बंद, पाणी रात्रीपासून बंद. भरल्या पोटी बैल आडवा केला तर पोट फुगतं आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं.

गुंगीसाठी झायलाझिनची हलकी मात्रा. गाय-बैल या औषधाला फार संवेदनशील असतात. त्यांना घोड्याच्या मात्रेचा साधारण दहावा हिस्सा पुरतो, आणि घोड्याच्या हिशेबाने दिलेलं इंजेक्शन बैलाच्या जिवावर बेतू शकतं. पालापाचोळ्याच्या जाड थरावर बैल उजव्या कुशीवर घेतला, म्हणजे दुखरा पाय खाली आला. बाकी तीन पाय एकत्र बांधले, उजवा पाय मागे ताणून धरला. त्यामुळे बंध ताठ होतात आणि बोटाला स्पष्ट लागतात.

नडगीच्या वरच्या टोकाचा उंचवटा शोधून, तिथून मधला बंध आणि त्याच्या आतल्या अंगाचा बंध यांच्यामधली खाच पक्की केली. केस काढून आयोडीनने जागा स्वच्छ केली. जागा बधिर करायला दोन टक्के लिग्नोकेन आठ मिलिलिटर टोचलं. खाचेत सेंटिमीटरभर छेद देऊन बारीक पात्याची सुरी आडवी, आतल्या बंधाखालून सरकवली. मग धार कातडीकडे फिरवून करवतीसारख्या हालचालीने बंध कापला. ताठ दोरी तुटावी तसं हाताला जाणवतं आणि तिथे बोटाला खड्डा लागतो.

हा खड्डा लागल्याशिवाय सुरी बाहेर काढायची नसते. थोडे तंतू राहिले की झटका राहतो आणि शस्त्रक्रिया फसली असं वाटतं. खाच चुकून मधला बंध कापला गेला तर वाटीचा मुख्य आधार जातो आणि बैल त्या पायावर उभा राहू शकत नाही. सुरी खोल गेली तर सांधा उघडतो, आणि त्यात जंतू गेले तर बैल कामातून जातो. काम दहा मिनिटांचं असलं तरी ते कुणीही करायचं नाही ते यासाठी.

एक टाका, धनुर्वाताची लस, पाच दिवस प्रतिजैविक, तीन दिवस मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक. मुकादमाच्या माणसाने डायक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाची माणसांची इंजेक्शनं आणून ठेवली होती, ती परत पाठवली. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण औषध दिलेलं जनावर मेलं तर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात.

बैल उठला, पहिलं पाऊल टाकलं. झटका नव्हता.

नंतरचे आठवडे

कागदावर बेत असा होता: तीन दिवस कोरड्या जागी बांधून, चौथ्या दिवसापासून सपाट जमिनीवर दोन वेळा दहा मिनिटं हातात धरून चालवणं, दहाव्या दिवशी टाका काढणं, एकवीस दिवस गाडी नाही.

कमरेचे स्नायू, विशेषतः डाव्या बाजूचे, दगडासारखे घट्ट झाले होते. महिनाभर बैलाने भार डावीकडे टाकला होता. हाताच्या उपचाराला खरी जागा इथे होती. गरम पाण्यात पिळलेलं पोतं पंधरा मिनिटं कमरेवर, नंतर वशिंडामागून माकडहाडापर्यंत तळव्याने संथ दाब देत चोळणं, रोज दोन वेळा. हे पशुवैद्यकांनी दाखवून दिलं आणि घरच्या बाईने नेमाने केलं. आठवड्यात बैल चोळताना मान खाली सोडू लागला, कमर दाबल्यावर दचकणं थांबलं. झटके देण्याची गरज पडली नाही आणि ताज्या शस्त्रक्रियेनंतर ते द्यायलाही नको होते.

खुराक बदलला. नुसत्या वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडणं, निम्मी वैरण कडब्याची, रोज एक किलो पेंड आणि पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण सुरू झालं.

बाराव्या दिवशी बेत मोडला. भाड्याने आणलेला बैल जोडीदाराशी चाल जुळवत नव्हता आणि खेपा तुंबल्या होत्या. रिकामी गाडी फडापर्यंत नेण्यासाठी मालकाने बरा झालेला बैल जुंपला. परतीला अर्धी गाडी उसाच्या मोळ्यांनी भरली गेली. संध्याकाळी गुडघ्याच्या आतल्या बाजूला सूज आली. सांधा गरम नव्हता, बैल पाय टेकत होता, ताप नव्हता, म्हणून थंड पाण्याचा शेक आणि पुन्हा विश्रांती एवढंच केलं. पण विश्रांतीत सात दिवसांची भर पडली.

निकाल

अठ्ठाविसाव्या दिवशी बैल रिकाम्या गाडीला लागला, पाचव्या आठवड्यात अर्ध्या भाराला. पूर्ण भार त्या हंगामात दिलाच नाही. उरलेल्या खेपांत जोडीने दीड टनापर्यंत ऊस ओढला आणि चढावर दोन माणसं गाडीला हात लावत. झटका परत आला नाही. पुढच्या पत्र्या टोकाला झिजल्या नाहीत, हे त्याच नालबंदाने सांगितलं. उचल मात्र पूर्ण फिटली नाही, काही रक्कम पुढच्या हंगामावर गेली.

कुठे वेगळं करता आलं असतं

नालबंदाने पत्र्या दाखवल्या त्याच दिवशी फोन झाला असता तर तीन खेचा, सोललेली कातडी आणि जवळजवळ दोन आठवडे वाचले असते. एकाच पायाची टोकाला झीज दिसली की तपासणी करून घ्यावी, झटका दिसेपर्यंत थांबू नये.

खेच पहिल्यांदा केली तेव्हा गावाकडच्या समजुतीत ती स्वाभाविक होती. दुसऱ्या दिवशी झटका परत आला तेव्हाच ती थांबायला हवी होती. हाताने केलेल्या कुठल्याही उपचाराचा गुण बैल उठल्यावर पाहू नये. रात्रभर बांधल्यावर सकाळच्या पहिल्या दहा पावलांत पाहावा. तो उपचार खेच असो, मालीश असो वा कायरोप्रॅक्टिक, कसोटी हीच.

बाराव्या दिवसाची चूक एकट्या मालकाच्या माथी मारता येत नाही. शस्त्रक्रियेच्या आधीच मुकादमाला सोबत बसवून एकवीस दिवसांचा हिशेब ठरवायला हवा होता: भाड्याचा बैल किती दिवस, त्याचे पैसे कोण देणार, चाल जुळत नसेल तर जोडी कोणाची घ्यायची. पशुवैद्यकाने विश्रांती सांगणं सोपं असतं, ती परवडेल अशी व्यवस्था लावणं हाही उपचाराचाच भाग आहे. भारवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत दिवसाला नऊ तासांची, सलग पाच तासांची आणि तापमान ३७ अंशांवर गेल्यास दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवण्याची मर्यादा घातलेली आहे. बरा होणाऱ्या बैलाचे तास त्याहूनही बरेच कमी ठरवावे लागतात.

डाव्या पायाचा प्रश्न उघडा आहे. सैल वाटी दोन्ही पायांत असणं नेहमीचं आहे. दोन्ही बंध एकाच वेळी कापावेत का, यावर चर्चा झाली होती. डाव्या पायाला झटका नव्हता, म्हणून निरोगी चालीच्या पायावर सुरी लावली नाही. गावी परतल्यावर पेरणीआधी तीन महिने कडबा-पेंडीवर ठेवून स्नायू भरून आणायचे, महिन्यातून एकदा सकाळच्या दहा पावलांचं चित्रण करून पशुवैद्यकांना पाठवायचं, असं ठरलं आहे. पहिली दोन चित्रणं स्वच्छ आली आहेत.